पहिला गड्डा आणि तुझा देव

आधी दोन घास खाऊन घे, मग आपण बोलू. लग्नानंतरचा पहिला गड्डा म्हटलं की सोलापूरच्या घरात काय धांदल असते ते मला चांगलं ठाऊक आहे. पाहुणे येणार, बाराबंद्यांना इस्त्री करायची, भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या नि गरगट्टा, संक्रांतीला शेंगापोळ्यांचे डबे भरायचे. पण बघ, तुझी खरी काळजी शेंगापोळ्यांची नाहीच. ती देवघरातली आहे.

तू माळशिरसकडची. माउलींची पालखी दारावरून जाताना बघत वाढलीस, आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ. इथे सासरी कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, आणि पूजेतले निम्मे शब्द कानडी. सकाळी सासूबाई तळहातावर लिंग घेऊन बसतात आणि कशातच नसतात. तू शेजारी हात जोडून बसतेस, तर तुझं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे. मग दिवसभर मनाला खात राहतेस, की सगळ्यांना काहीतरी वाटतंय नि मलाच का वाटत नाही. माझी भक्ती खोटी आहे का, असं विचारलंस मला. खोटी नाही गं. कोवळी आहे, आणि या वयात ती कोवळी असायचीच.

खरं सांगू का, ज्यांच्या नावाने संक्रांतीला ही गड्ड्याची यात्रा भरते, त्या सिद्धरामांची गोष्ट तुला कुणी नीट सांगितलेलीच दिसत नाही. देवळातल्या चौथऱ्यावरची समाधी दाखवली असेल, अडुसष्ट लिंगांची माहिती दिली असेल. पण त्यांच्या श्रद्धेला किती वळणं लागली ते सांगितलं नसणार. ऐक.

बाराव्या शतकातली गोष्ट. सोलापूर तेव्हा सोन्नलगे होतं. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचं हे पोर फारसं बोलायचं नाही. लोक त्याला मंदच समजायचे आणि गुरांमागे पाठवायचे. राघवांकाने कानडीत त्यांचं चरित्रकाव्य रचलं, त्यात ही कथा येते. एकदा रानात एक जंगम आला, नाव मल्लय्या. त्याने हुरडा मागितला. पोराने दिला. मग म्हणाला, दहीभात हवा. पोरगं धावत घरी गेलं, दहीभात घेऊन आलं, तर मल्लय्या गायब! तेव्हा ते जे हंबरडा फोडून रडलं, ते थांबेचना. श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंनी त्याला सोबत घेतलं आणि तिथे मल्लिकार्जुनाच्या लिंगासमोर नेऊन उभं केलं. हा बघ तुझा मल्लय्या, म्हणाले. तर ते पोर काय म्हणालं? हा नव्हे. माझा मल्लय्या हुरडा खाणारा होता.

कळतंय का तुला? एवढ्या मोठ्या ज्योतिर्लिंगापुढे उभं राहून त्या लेकराने मान डोलावली नाही. सगळे हात जोडत होते म्हणून त्याने आपल्याला काही वाटतंय असं दाखवलं नाही. मग ते डोंगरात हाका मारत फिरलं, कड्यावरून खाली झोकून द्यायला निघालं, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याला धरलं आणि परत पाठवलं, की जा, तुझ्या सोन्नलग्याचंच श्रीशैल कर. तेव्हा तू देवघरात बसून काही वाटत नाही म्हणतेस, त्यात पाप कसलं गं? वाटत नसताना वाटल्याचा आव आणू नकोस, एवढंच सांभाळ.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. परत आलेला सिद्धराम डोळे मिटून बसला नाही. त्याने तळं खणायला घेतलं. आज ज्याच्या मधोमध देऊळ आहे ना, तेच ते तळं. आपल्या या कोरड्या मुलखात पाणी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तळं, विहिरी, गोरगरिबांना अन्न, आणि गावाभोवती पंचक्रोशीत स्थापलेली अडुसष्ट लिंगं. लोक त्यांना कर्मयोगी म्हणू लागले. देव भेटलेल्या माणसाने आधी फावडं हातात घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. तुझ्या माहेरच्या जनाबाईचं तरी काय वेगळं होतं? गोपाळपूरला तिचं म्हणून जातं दाखवतात, तू पाहिलंच असशील. दळण-कांडण चालू असतानाच तिचा विठोबा तिच्याजवळ होता. तेव्हा पूजेत बसून दुधाकडे लक्ष गेलं, तर सरळ ऊठ नि गॅस बंद करून ये. देव काही त्यावर रुसत नाही.

पण सिद्धरामांची वाट इथेही संपली नाही. नाव झालं होतं, गाव पाठीशी होतं, तळ्याचं काम जोरात चालू होतं, आणि बसवण्णांच्या शरणांमधले अल्लमप्रभू येऊन ठेपले. एवढी माती उपसतोस, आत कधी उतरलास का, असा त्यांचा रोख. कामावरची माणसं इतकी चिडली की त्यांनी अल्लमांवर दगड उचलले, असं शून्यसंपादने या कानडी ग्रंथात आहे. आपल्या आयुष्यभराच्या कामाला कुणी असं बोललं तर आपण काय करू? सिद्धरामांनी ऐकून घेतलं. ते बसवण्णांच्या कल्याणला गेले, तिथल्या अनुभवमंटपात बसले, आणि चन्नबसवण्णांकडून, म्हणजे वयाने आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या मुलाकडून, इष्टलिंगाची दीक्षा घेतली. कर्मयोगी होते ते शिवयोगी झाले. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रेने त्यांनी कानडीत वचनं लिहिली.

आता तूच बघ. लहानपणी रडून शोधलेला देव, मग हातांनी केलेला देव, मग आत पाहिलेला देव. एकाच माणसाच्या आयुष्यात श्रद्धेने एवढी रूपं पालटली. आणि तू सुनेची पहिली संक्रांत करतेयस नि म्हणतेस, आत्ताच्या आत्ता माझं सगळं पक्कं व्हायला हवं! काही गरज नाही.

आता माळ की लिंग, हा तुझा दुसरा घोर. माळशिरस काय नि सोलापूर काय, एकाच जिल्ह्यात आहे गं. मंगळवेढ्याचंच घे. बसवण्णा कल्याणला जायच्या आधी त्या गावात होते असं मानतात. तेच गाव चोखोबांचं. तिथेच गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि पंढरपुरात नामदेव पायरीपाशी त्यांची समाधी झाली. कान्होपात्राही तिथलीच. नायकिणीची लेक, पण आईचा धंदा नाकारून ती वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला गेली, आणि बीदरच्या बादशहाचं बोलावणं आल्यावर तिने विठ्ठलाच्या पायाशीच प्राण सोडले. विठ्ठलाच्या देवळात तिच्या नावाचं झाड दाखवतात. आपल्या या भागातल्या मातीने कुणाला एकच वाट धरायला लावलेली नाही. तुळजापूरला कोजागिरीच्या आधी सोलापुरातून हजारो माणसं अनवाणी चालत निघतात, त्यात कुणाच्या गळ्यात काय आहे ते कोण बघत बसतं?

म्हणून विठ्ठल मनातून काढायचा नाही. सासूबाईंपासून लपवायचाही नाही. लपवलं की मन कोंडतं आणि मग देवापेक्षा माणसांचाच राग येऊ लागतो. सरळ सांग त्यांना, की आई, मला एकादशी करायची सवय आहे, ती चालू ठेवू का? आणि लगेच पुढे विचार, तुमची लिंगपूजा मला शिकवाल का. दोन्ही एकाच दमात बोल. पहिलं एकटंच बोललीस तर हट्ट वाटेल, दुसरं एकटंच बोललीस तर तू आतून चिडशील. दीक्षा घ्यायची की नाही, तो निर्णय मात्र तुझा. शरणांनी बायकांनाही इष्टलिंग दिलं, बरोबरीने दिलं, म्हणूनच ते कुणाच्या धाकाने गळ्यात घालायची गोष्ट नव्हे. वर्ष लागू दे, पाच वर्षं लागू दे.

कानडीचं म्हणशील तर जयदेवीताई लिगाडे यांचं नाव लक्षात ठेव. १९१२ साली याच सोलापुरात जन्मल्या. शिक्षण मराठीतून झालं, कानडी नंतर शिकल्या, आणि त्याच कानडीत त्यांनी 'श्री सिद्धराम पुराण' हे महाकाव्य लिहिलं. शरणांचा विचार त्यांनी मराठीतही आणला. १९७४ साली मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि तो मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. संसार सांभाळून केलं हं हे सगळं. तेव्हा पूजेतले शब्द कळत नाहीत म्हणून तोंड पाडून बसू नकोस. रोज एका शब्दाचा अर्थ सासूबाईंना विचार. त्यांनाही बरं वाटेल, नि तुमच्यात बोलायला भाजीपाल्याखेरीज एक विषय होईल.

आता गड्ड्यात तुला जे दिसणार आहे, त्यातल्या एका गोष्टीची तयारी मनाशी करून ठेव. पहिल्या दिवशी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचा अभिषेक, होतं. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्यानंतर होम मैदानावर होम. लग्न कुणाचं, तर सिद्धरामांच्या योगदंडाचं आणि कुंभाराच्या लेकीचं. ती रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते म्हणाले, मी तर शिवाला वाहिलेला, तू माझ्या योगदंडाशी लग्न कर. आणि होमात त्या कन्येचं प्रतीक म्हणून बाजरीच्या पेंढीला शालू नेसवतात, मंगळसूत्र घालतात आणि अग्नी देतात.

ते बघताना तुझ्या पोटात कालवेल. कालवू दे. मला त्या मुलीबद्दल फार वाटतं. तिची माया खरी होती, आणि तिच्या वाट्याला दंड आला नि आग आली. गर्दी जयघोष करते तेव्हा माझे हात जोडलेले असतात आणि डोळे भरलेले असतात. तो आनंद आहे की दुःख, हे मी ठरवत बसत नाही. एखाद्या कथेपुढे हात जोडूनही तिच्याबद्दल प्रश्न विचारता येतो बरं का. देवाला प्रश्न विचारणाऱ्या बायका या मुलखात आधीपासून आहेत. चोखोबांच्या सोयराबाईने विटाळाचा प्रश्न थेट विठ्ठलालाच घातला होता.

विटाळावरून आठवलं. तू संकोचाने अर्धवट बोललीस, पण मला कळलं. नेमक्या त्याच दिवसांत पाळी आली तर काय, हेच ना? तर ऐक. शरणांनी पंचसूतकंच मोडीत काढली, त्यात पाळीचं सूतकही आलं. लिंगधारी घरात तरी याची भीती असू नये. घराघरात चाली वेगळ्या पडल्यात, हे खरं. म्हणून आधीच सासूबाईंशी एकांतात बोल, ऐनवेळी चारचौघींत विषय निघायला नको. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मनाने दुकानातून आणायच्या नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही, हे मी बजावून सांगतेय.

उपासाचंही तेच. तुला रक्त कमी आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या जेवणानंतरच घ्यायच्या आहेत. मग निर्जळी कशाला? एक दिवस दारापुढचा सडा तू घाल, नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्यांना पाणी दे, तीही सेवाच.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत. तुला लग्नाला वर्ष व्हायच्या आत कुणीतरी 'घरात दोष आहे, मूल व्हायला अडथळा आहे, अमुक इतके पैसे ठेव' असं सांगणारं भेटेलच. शेजारची कुणी मायेनेच तिथे घेऊन जाईल. जायचं नाही. एकटीने तर नाहीच. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो उगीच झालेला नाही. अक्कलकोटला जा, वटवृक्षाखाली शांत बसून ये, मन हलकं होईल. जो घाबरवून पैसे मागतो, त्याच्या दारात मन हलकं होत नसतं.

अक्षता सोहळ्याला सकाळी लवकर निघ, नाहीतर सम्मती कट्ट्याच्या जवळपासही पोचणार नाहीस. अंगावर सोनं नको, पायात साध्या चपला घाल. नणंदेच्या पोरीला घेऊन जाणार असशील तर तिच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाल. पाण्याची बाटली आणि चार शेंगदाण्याचे लाडू पिशवीत असू देत. तुला काही वाटलं तर वाटलं, नाही वाटलं तर घरी येऊन झोप काढ. संध्याकाळी परत स्वयंपाक आहेच.

आज रात्री भांडी आवरली की सासूबाईंच्या पायांना तेल लावायच्या निमित्ताने बस आणि विचार, आई, तुमचा या घरातला पहिला गड्डा कसा गेला होता? त्यांना बोलू दे, मध्ये तोडू नकोस. मला उद्या फोन कर, दुपारी दोननंतर. तोवर माझं दळण आणून झालेलं असतं.