विसर्जित भागीदारी आणि एक ध्वनिमुद्रण

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यातील कलम ४३ आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. इच्छाधीन भागीदारी कोणाही भागीदारास इतरांना लेखी सूचना देऊन मोडता येते. मग मालमत्ता विकावी, देणी भागवावीत, उरेल ते वाटून घ्यावे. पाठ्यपुस्तकातील प्रकरण तेथे संपते. पण दोघांनी मिळून माल तयार केला आणि तो बाजारात येण्याआधीच पेढी मोडली, तर त्या मालाचे काय? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, तर 'याझू' या इंग्रज जोडीच्या गाण्यांत सापडले.

विन्स क्लार्क इंग्लंडमधील इसेक्स परगण्यातल्या बॅझिल्डन गावचा. 'डिपेश मोड' या वाद्यवृंदाचा तो मुख्य गीतकार होता. पहिली तबकडी निघाली आणि १९८१ च्या अखेरीस हा गृहस्थ बाहेर पडला. 'ओन्ली यू' हे गाणे त्याच्याजवळ तयार होते, गाणारे कोणी नव्हते. त्याच गावच्या ॲलिसन मोये हिने 'मेलडी मेकर' साप्ताहिकात जाहिरात दिली होती. तिला हवे होते ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःखगीत, वाजविणारे साथीदार. भेटला सिंथेसायझरवाला! मार्च १९८२ मध्ये गाणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. ती तेव्हा वीस वर्षांची होती, म्हणजे आज मी आहे त्याच वयाची.

'यंत्राच्या संगीतात भाव नसतो' असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी सांगतात. म्हणून हे यंत्र कसे चालते ते थोडे पाहू. क्लार्क रोलंड कंपनीचे एमसी-४ नावाचे उपकरण वापरी. त्यावर हाताने वाजवायचे नसते, आकडे भरायचे असतात: स्वर कोणता, पुढचा स्वर किती अंतराने, आणि त्या अंतरापैकी किती वेळ स्वर वाजता ठेवायचा. आमच्या रोजकीर्दीतल्या रकान्यांसारखेच हे काम! शिवाय त्याच्या प्रो-वन या सिंथेसायझरमधून एका वेळी एकच स्वर निघे. पेटीवर आपण तीन पट्ट्या एकदम दाबतो. येथे ते तीन स्वर एकामागून एक ओळीने सोडावे लागतात. अशा सुट्या स्वरांच्या ओळींतूनच या संगीताची वीण तयार होते. यंत्र श्वास घेत नाही आणि थांबतही नाही. मोयेचा आवाज मात्र जाड, किंचित खरखरीत. ती मागे रेंगाळते, शब्द ओढते आणि नेमकी समेवर येते. ठेका अढळ असतो, म्हणूनच तिचे रेंगाळणे कानाला कळते. भाव आहे तो या दोहोंमधल्या अंतरात, असे माझे मत आहे. वडीलधाऱ्यांनी ऐकून पाहावे.

ऑगस्ट १९८२ मध्ये 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' ही पहिली मोठी तबकडी आली. नावातला एरिक म्हणजे ध्वनिमुद्रक एरिक रॅडक्लिफ. त्याचा ब्लॅकविंग हा स्टुडिओ लंडनमधील एका जुन्या चर्चमध्ये होता. यश दारात उभे होते आणि दोघांत संवाद असा नव्हताच. भांडण झाले असते तर निदान बोलणे तरी झाले असते! दुसरी तबकडी 'यू अँड मी बोथ' त्यांनी बहुतांशी एकमेकांना टाळूनच पुरी केली. जुलै १९८३ मध्ये ती बाजारात आली तेव्हा पेढी मोडलेली होती. तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली, पण तिच्यातील गाणी रंगमंचावर गायला जोडीच उरली नव्हती. नावाचा अर्थ 'तू आणि मी दोघेही', हे मुद्दाम सांगतो.

हिशेबाची एक गंमत येथेच नोंदवितो. 'याझू' हे नाव जुने ब्लूज पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे होते, मोयेला ते तेथूनच सुचले. परिणामी अमेरिकेत या जोडीला 'याझ' असे अर्धे नाव लावून माल विकावा लागला. नावाच्या किमतीला आमच्या जमाखर्चात ख्यातिमूल्य म्हणतात. ती येथे एका महासागरापलीकडे बदलली. आणि 'सिच्युएशन' या गाण्यातले मोयेचे हसणे पुढे 'माकारेना'च्या त्या जगभर गाजलेल्या आवृत्तीत उचलले गेले. लग्नाच्या वरातीत आपण सर्वांनी ते ऐकलेले आहे, कोणाचे हे न कळता.

पुढे क्लार्कने १९८५ मध्ये अँडी बेलबरोबर 'इरेझर' काढले व ते दीर्घकाळ चालविले. मोयेची 'आल्फ' ही स्वतंत्र तबकडी १९८४ ची. तीही पहिल्या क्रमांकावर गेली. दोघांचेही उत्तम चालले होते. म्हणजे पैशाची नड हे एकत्र येण्याचे कारण मानता येत नाही.

२००८ मध्ये, पंचवीस वर्षांनी, दोघे युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. त्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण 'रीकनेक्टेड लाइव्ह' नावाने २०१० मध्ये निघाले. त्यात नवे गाणे एकही नाही. काही ठिकाणी क्लार्कचे आवाज मला जरा जास्तच स्वच्छ वाटतात. जुन्या मुद्रणातील खडबडीतपणा घासूनपुसून गेला आहे. पण आरंभ पाहा. कार्यक्रम सुरू होतो तो 'नोबडीज डायरी'ने, दुसऱ्या तबकडीतल्या गाण्याने, आणि हे गाणे लिहिले आहे मोयेने, शाळकरी वयात. क्लार्क गीतकार आणि मोये नुसता गळा, अशी समजूत असणाऱ्यांना तेथेच उत्तर मिळते.

माझा एक मित्र व मी गॅदरिंगमध्ये दोन वर्षे एकत्र वाजविले. सध्या आम्ही कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसतो. कारण विचाराल तर दोघांनाही धड सांगता येणार नाही. म्हणून मी हे ध्वनिमुद्रण ऐकताना गाण्यापेक्षा टाळ्यांकडे अधिक लक्ष देत होतो. 'मिस्टर ब्लू' हे दुसऱ्या तबकडीतले संथ गाणे. १९८३ च्या मुद्रणात ते संपते तेव्हा मागे काहीच नसते. येथे तिचा आवाज वयाने आणखी खाली उतरलेला आहे, यंत्र तसेच न थांबता चालू आहे, आणि शेवटचा स्वर विरण्याआधीच माणसांचा आवाज उठतो.