ट्रिगर : पावतीमागोमाग चालणारी नोंद



सुरत परिसरातली बरीच मराठी घरे मूळची खानदेशातली. धुळे, नंदुरबार, जळगावकडे ज्यांची थोडीफार शेती आहे, त्यांच्या घरात ‘सात-बारा’ आणि ‘फेरफार’ हे शब्द नेहमी कानांवर पडतात. इकडे गुजरातेतही जमिनीच्या उताऱ्याला सात-बाराच म्हणतात आणि हक्कपत्रक म्हणजे गाव नमुना ६ च असतो, कारण दोन्ही प्रदेश एके काळी मुंबई इलाख्यात होते. आजचा संगणकाचा पाठ आपण या कागदांपासूनच सुरू करू.

जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवले, की त्याची खबर महसूल खात्याकडे जावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५४ मध्ये तशी तरतूद आहे. पूर्वी ही खबर कागदावरून जायची. आता महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणालीमुळे नोंदलेल्या दस्ताची माहिती संगणकातूनच पुढे जाते. फेरफाराची नोंद तयार होते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सात-बारावरचे नाव बदलते.

एका वहीत नोंद झाली, की कोणी आठवण न करता दुसऱ्या वहीतले काम सुरू व्हावे, ही त्यामागची कल्पना. डेटाबेसमध्ये हेच काम करणाऱ्या छोट्या आज्ञेला ‘ट्रिगर’ म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. घोडा ओढला की गोळी सुटते, तशी तक्त्यात ओळ भरली, बदलली किंवा पुसली की ट्रिगर सुटतो.

थोडा इतिहास

माहिती तक्त्यांत मांडावी आणि तक्ते एकमेकांशी समान रकान्यांनी जोडावेत, हा विचार आयबीएम कंपनीतील ई. एफ. कॉड यांनी १९७० साली आपल्या निबंधात मांडला. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्यात माहिती विचारण्याची व बदलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. या भाषेच्या प्रमाणित रूपात ट्रिगर १९९९ साली आले. अनेक शाळा-कॉलेजांत शिकवल्या जाणाऱ्या मायएसक्यूएलमध्ये ते २००५ च्या ५.० आवृत्तीपासून आहेत. पुढे कॉलेजात तुम्ही ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ हे पुस्तक वापराल. त्याच्या तीन लेखकांपैकी एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आहेत.

एक ट्रिगर लिहू

शाळेच्या फीचे उदाहरण घेऊ. दोन तक्ते आहेत. ‘पावत्या’ या तक्त्यात पावती क्रमांक, विद्यार्थी क्रमांक आणि रक्कम हे रकाने आहेत. ‘खाते’ या तक्त्यात विद्यार्थी क्रमांक आणि बाकी. पावती फाडली की बाकी कमी व्हायला हवी. मायएसक्यूएलमध्ये आज्ञा रोमन अक्षरांत टंकतात. वाचायला सोपे जावे म्हणून इथे नागरीत देत आहे.

क्रिएट ट्रिगर पावती_नंतर
आफ्टर इन्सर्ट ऑन पावत्या
फॉर ईच रो
अपडेट खाते सेट बाकी = बाकी − न्यू.रक्कम
व्हेअर विद्यार्थी_क्र = न्यू.विद्यार्थी_क्र;

पहिल्या ओळीत ट्रिगरचे नाव आहे. दुसरी ओळ सांगते, की पावत्यांमध्ये नवी ओळ भरल्यानंतर सुटायचे. तिसरी सांगते, की प्रत्येक ओळीसाठी एकदा. पुढच्या दोन ओळी म्हणजे प्रत्यक्ष काम. ‘न्यू’ म्हणजे नव्याने आलेली ओळ आणि ‘ओल्ड’ म्हणजे बदलण्यापूर्वीची किंवा पुसली जाणारी ओळ. भरताना फक्त न्यू असते, पुसताना फक्त ओल्ड असते आणि बदलताना दोन्ही असतात.

‘आफ्टर’च्या जागी ‘बिफोर’ लिहिले, तर ट्रिगर ओळ भरण्याआधी सुटतो. आलेली माहिती तपासायची किंवा सुधारायची असेल तर बिफोर वापरावा. दुसऱ्या तक्त्यात नोंद करायची असेल तर आफ्टर.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या फीच्या हिशेबासाठी मी नेमका हाच ट्रिगर लिहिला होता. चार पावत्या भरून पाहिल्या, बाकी बरोबर आली, म्हणून काम पूर्ण झाले असे समजलो.

वर्षअखेरीस थकबाकीची यादी फलकावर लागली. त्यात एका मुलीच्या नावापुढे १०८० रुपये होते. दुसऱ्या दिवशी तिचे वडील १२०० रुपयांची पावती घेऊन आले. पूर्ण फी १२०० च होती. मुलगी दोन दिवस वर्गात मान खाली घालून बसली होती. आणि पैसे घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंकडे सगळे संशयाने पाहू लागले होते.

झाले होते असे. बाईंनी आधी १२०० ऐवजी १२० टंकले. लगेच चूक लक्षात येताच त्यांनी पावती दुरुस्त करून १२०० केली. पावत्यांच्या तक्त्यात रक्कम बरोबर झाली. पण माझा ट्रिगर फक्त ओळ भरल्यावर सुटणारा होता, ओळ बदलल्यावर नाही. त्यामुळे खात्यात १२०० मधून १२० वजा झाले ते तसेच राहिले. बाईंचे काम चोख होते. चूक माझी होती, आणि ती मी सर्वांसमोर सांगितली.

उपाय असा. ओळ बदलल्यावर सुटणारा वेगळा ट्रिगर हवा. त्यात दोन कामे करायची : जुन्या विद्यार्थ्याच्या बाकीत जुनी रक्कम परत मिळवायची आणि नव्या विद्यार्थ्याच्या बाकीतून नवी रक्कम वजा करायची. वरच्या उदाहरणात १०८० अधिक १२० म्हणजे १२००, त्यातून १२०० वजा, बाकी शून्य. दोन कामे वेगळी ठेवली, की पावतीवरचा विद्यार्थी क्रमांकच चुकला असेल तरी दोन्ही खाती बरोबर होतात. पावती रद्द होते तेव्हासाठी तिसरा ट्रिगर हवा.

बिघाड कसा शोधावा

ट्रिगर पडद्यावर दिसत नाही, म्हणून त्यातला बिघाड शोधायला क्रम लागतो.

१. ट्रिगर आहे का ते पाहा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो ट्रिगर्स’ ही आज्ञा यादी देते. भरणे, बदलणे, पुसणे या तिन्हींची सोय आहे का, ते त्या यादीवरून कळते.

२. ज्या ओळीत बदल करायचा ती ओळ मुळात आहे का? नव्या विद्यार्थ्याचे खातेच उघडले नसेल, तर अपडेट आज्ञा शून्य ओळी बदलते आणि कसलीही तक्रार करत नाही. अशी गप्प राहणारी चूक सर्वांत घातक.

३. रकाना रिकामा आहे का? बाकीमध्ये शून्याऐवजी ‘नल’ असेल, तर नलमधून ५०० वजा केले तरी उत्तर नलच येते.

४. एकदम अनेक ओळी भरल्या का? मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर प्रत्येक ओळीसाठी सुटतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र तो पूर्ण आज्ञेसाठी एकदाच सुटतो. तिथे ४० पावत्या एका आज्ञेने भरल्या आणि ट्रिगर एकच ओळ वाचेल असा लिहिला असेल, तर ३९ खाती तशीच राहतात.

५. ट्रिगर आपल्याच तक्त्याला हात लावतो का? पावत्यांवरच्या ट्रिगरने पावत्यांचाच तक्ता बदलू पाहिला, तर मायएसक्यूएल १४४२ क्रमांकाची चूक दाखवते. येणाऱ्या ओळीतच दुरुस्ती हवी असेल, तर बिफोर ट्रिगरमध्ये न्यूची किंमत बदलावी.

६. ट्रिगरला वळसा घालून काम झाले का? ‘ट्रंकेट’ने तक्ता रिकामा केला, तर मायएसक्यूएलमध्ये पुसण्याचा ट्रिगर सुटत नाही. मूळ ओळ पुसल्यामुळे जोडलेल्या तक्त्यातल्या ओळी आपोआप पुसल्या गेल्या, तरीही तिथला ट्रिगर सुटत नाही.

तपासणी नेहमी डेटाबेसच्या प्रतीवर करावी. व्यवहार सुरू करा, एक ओळ भरा, दोन्ही तक्ते पाहा आणि ‘रोलबॅक’ने सर्व मागे घ्या. मग बदलून पाहा, पुसून पाहा, आणि मुद्दाम चुकीची रक्कम भरूनही पाहा. मी चार पावत्या भरून पाहिल्या होत्या, एकही दुरुस्त करून पाहिली नव्हती.

ट्रिगर कुठे हवा, कुठे नको

खरे तर बाकी वेगळी साठवण्याची गरजच होती का? एकूण फीमधून पावत्यांची बेरीज वजा केली, की बाकी हवी तेव्हा मिळते. जी किंमत हिशेबाने निघते ती दोन ठिकाणी लिहिली, की कधी ना कधी दोन उत्तरे येतात. लहान शाळेसाठी हाच मार्ग बरा.

ट्रिगर शोभतो तो साक्षीदाराच्या कामाला. पावती कोणी बदलली, केव्हा बदलली, आधी किती होती आणि नंतर किती, एवढे वेगळ्या तक्त्यात आपोआप लिहिणारा ट्रिगर असता, तर त्या बाईंवर एक क्षणही संशय गेला नसता.

आणि जिथे माणसाच्या नावाचा किंवा हक्काचा प्रश्न आहे, तिथे फेरफाराची पद्धत आठवावी. यंत्राने नोंद तयार करावी, संबंधिताला कळवावे आणि शेवटची सही माणसाने करावी. थकबाकीची यादी फलकावर लावण्याआधी कोणीतरी पावत्यांशी ताडून पाहावी, एवढेच पालक व विश्वस्त मंडळींना सांगणे. संगणकाची यादी आहे म्हणून ती बरोबरच असेल, असे धरून चालू नये.

स्वाध्याय

१. बाकी ९०० आहे. ३०० ची पावती भरली, मग ती ३५० अशी दुरुस्त केली. फक्त भरण्याचा ट्रिगर असेल तर बाकी किती दिसेल? बदलण्याचाही असेल तर किती? (उत्तरे : ६००, ५५०)

२. पावती रद्द झाल्यावर सुटणारा ट्रिगर वहीत लिहा. त्यात न्यू वापरता येईल का? कारण द्या.

३. घरी जुना सात-बारा किंवा फेरफाराचा उतारा असेल, तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा. त्यातले रकाने लिहून काढा आणि कोणता रकाना दोन्ही कागदांना जोडतो ते ओळखा.