जोतं भरण्याआधी

कराड

चि. मृणाल,

तुझा नकाशा मिळाला. दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीत विटांची उघडी शेकोटी आणि तिच्यावर छपरापार जाणारं विटांचंच धुराडं दाखवलं आहेस. महाबळेश्वर-पाचगणीच्या साहेबी बंगल्यांतलं बघून हौस वाटली असणार. हौसेला माझी ना नाही. पण घर कोयनानगरला बांधते आहेस, तर तिथं विस्तवाचं काम काय, ते आधी ठरव.

तिथली थंडी दोन घोंगड्यांत भागते. खरा छळ जून ते सप्टेंबर. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भिंतींना ओल, कपाटात बुरशी, बरणीतल्या मिठाला पाणी. आपल्या जुन्या घरात चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असे. तिच्यावर ओली इरली, सुकट, बियाणं, सादळलेल्या काड्यापेट्यासुद्धा! धूर घरभर फिरून कौलांतून निघून जाई. वासे काळेकुट्ट होत आणि त्यांना भुंगा लागत नसे. बायकांच्या डोळ्यांची मात्र त्यात वाट लागली, तेव्हा तो धूर परत आणायचा नाही. तुला हवी ती कोरडी ऊब, पावसाळाभर रोज थोडी थोडी.

उघड्या शेकोटीला नेमकं तेच जमत नाही. लाकडातली बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते; शंभरातले दहा-पंधरा भाग खोलीत राहिले तरी पुष्कळ. शिवाय जाळ खोलीतली तापलेली हवा ओढून बाहेर टाकतो आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा आत येते. म्हणजे लाकूड जाळून ओल विकत घ्यायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस रमफर्ड नावाच्या संशोधकानं शेकोटी उथळ केली, बाजू तिरप्या केल्या, त्यानं खोलीत ऊब जास्त येऊ लागली, पण ही खोड काही गेली नाही. त्यापेक्षा काचेचं दार असलेली लोखंडी बंद शेगडी घे. चांगल्या बनावटीची असेल तर साठ-सत्तर टक्के उष्णता घरात राहते, आणि जाळ बघायची तुझी हौसही फिटते.

धुराड्याबाबत मात्र मी हट्टच धरणार. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आल्या. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्यानंतरही तिथली जमीन कधी पुरती गप्प बसलेली नाही. छपराच्या वर एकटं उभं असलेलं विटांचं धुराडं भूकंपात घरापेक्षा वेगळं डोलतं, छपराच्या रेषेत तडकतं आणि कौलं फोडून थेट खाली येतं. म्हणून विटा नकोत. स्टेनलेस स्टीलचा, मध्ये इन्सुलेशन भरलेला दुहेरी नळ लाव. वजन कमी, आणि छपरावर त्याला तीन बाजूंनी ताण देता येतात. शेगडीचे पायही बोल्टनं फरशीत पक्के कर. नळ बाहेरच्या भिंतीनं नेऊ नकोस. घराच्या आतून, आढ्याजवळ बाहेर काढ. आत राहिला की गरम राहतो आणि धूर नीट ओढतो. दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, त्याच्यापेक्षा तोंड दोन फूट वर हवं. वर टोपी, आणि छपरातून निघतो तिथं पत्र्याची झालर. ती झालर मिस्त्री उरकून टाकतात. तू स्वतः शिडीवर चढून बघ, कारण पहिल्याच पावसात तिथूनच गळतं.

पावसाळ्यात नळ गार आणि दमट असतो, मग धूर उलटा खोलीत येतो. अशा वेळी आधी कागदाचा एक बोळा पेटवून नळाच्या खालच्या तोंडाशी धरायचा. नळ तापला की मग लाकडं.

लाकडाचं तुला वाटतं तितकं सोपं नाही. भोवती कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथली काडीही उचलायची नाही. आपल्या बांधावरची झाडंसुद्धा, काही जातींची असतील तर, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बांधाला गिरिपुष्प लाव. छाटलं की फुटतं, आणि वाळलं की छान जळतं. हिवाळ्यात तोडलेलं मे संपायच्या आत छपराखाली, जमिनीपासून वीतभर उचलून रच. ओलं लाकूड जाळलंस तर नळात डांबरासारखी काजळी धरते आणि तीच एके दिवशी पेट घेते. दसरा झाला की नळ साफ करून घेत जा. आणि बिब्ब्याचं लाकूड चुकूनही घालू नकोस. त्याच्या धुरानंसुद्धा अंग सुजतं.

पाहुणे आले की कोणी तरी घमेल्यात कोळसे घालून खोलीत आणून ठेवतं. ते अजिबात चालू द्यायचं नाही. दार लावून झोपलेल्या माणसाला कोळशांतून निघणाऱ्या विषारी वायूचा वासही येत नाही.

आता घाईचं. शेगडीला बाहेरची हवा स्वतंत्र मिळायला हवी, त्यासाठी चार इंची नळी जोत्याखालून जाते. भर टाकून कोबा झाला की ती घालायला फरशी फोडावी लागेल. तेव्हा मिस्त्रीला भर थांबवायला सांग, शेगडीची जागा मधल्या भिंतीला सरकव आणि सुधारलेला नकाशा पाठव. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी दाखवायची विसरू नकोस, नाहीतर शेगडीत पहिला मुक्काम धामणीचा.

तुझा
अण्णाकाका