मद्यपी चालकाचा खटला आणि डॉक्टरांची लेखणी

इंदूरच्या न्यायालयात वकिली करीत असता रात्री उशिरा येणारा दूरध्वनी पुष्कळदा एकाच प्रकारचा असतो. "वकीलसाहेब, पोलिसांनी गाडी अडवली आहे. थोडीशीच घेतली होती." आणि पाठोपाठ दुसरे वाक्य : "तुमच्या ओळखीचे कुणी डॉक्टर आहेत का?" या दुसऱ्या वाक्यामुळेच हा विषय मी डॉक्टरांच्या स्मरणिकेसाठी निवडला.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये, दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे, किंवा तसा प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात; पुन्हा घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत आणि दंड पंधरा हजार. हे प्रकरण रस्त्यावर दंड भरून मिटत नाही. न्यायालयात जावेच लागते.

पक्षकाराला मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, श्वासचाचणी नाकारू नका. सबळ कारणाविना दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे सरकार पक्षालाच बळ देऊ शकतो.

दुसरी, अटक झाल्यास वेळ टिपून ठेवा. कलम २०२ नुसार दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास अटकेतून सोडावे लागते.

तिसरी, तारखेला स्वतः हजर राहा आणि कागद पाहिल्याविना कबुली देऊ नका. यंत्राची छापील पावती, तीवरील वेळ आणि आकडा, यंत्राच्या तपासणीचा दाखला, रक्ताचा अहवाल हे सारे मी आधी वाचतो. पुरावा चोख असेल तर गुन्हा कबूल करून सौम्य शिक्षेची विनंती करावी, असाच माझा सल्ला असतो. मात्र दंड भरला की सारे संपले, असे नाही. दोषसिद्धी नोंदली जाते, आणि वाहन परवानाही निलंबित होऊ शकतो.

पुरावा सदोष असेल तर खटला लढविणे हे माझे कर्तव्य ठरते. अनेक वर्षांपूर्वी असाच एक खटला मी लढविला. सायकलवरून जाणारा एक मुलगा जखमी झाला होता. डॉक्टरांच्या कागदावर एवढेच होते : "तोंडास मद्याचा वास." रक्ताचा अहवाल नव्हता. केवळ वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान निःसंशय सिद्ध होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निवाडा मी पुढे ठेवला. मद्यपानाच्या आरोपातून माझा पक्षकार सुटला. बाहेर त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "म्हणजे तो प्यायला नव्हता का?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून डॉक्टर मित्रांना विनंती आहे. तपासणीची नेमकी वेळ लिहा. वासासोबत वाचा, चाल, बाहुल्या, नाडी यांचीही नोंद करा. रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नका. सोडियम फ्लोराइड असलेल्या कुपीत नमुना घ्या, मोहोर लावा, आणि किती रक्त घेतले व कुणाच्या हाती दिले, तेही लिहा. साक्षीला उभे राहाल तेव्हा हाच कागद तुमची स्मृती असतो.

आणि ओळखीचा दूरध्वनी आला तर नकार द्या. १९ मे २०२४ रोजी पुण्यात झालेल्या अपघातात आपल्या मध्य प्रदेशातील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली.

शेवटी एक गैरसमज दूर करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी तो दोन वर्षांपर्यंतच आहे. पण ही सवलत वैद्यकीय उपचार करतानाच्या चुकीपुरती आहे. गाडी चालविताना डॉक्टरही इतरांसारखाच एक चालक असतो. समारंभातून परतताना गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, हा माझा सर्वांत स्वस्त सल्ला. त्याची फी मी घेत नाही.