बर्फ फोडणारी जहाजे

मुलांनो, पेरणीच्या दिवसांत सर्वांत मोठी अडचण कोणती, असे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास विचारा. तो म्हणेल, "घरची बैलजोडी नसणे." पाऊस पडून जमिनीस वाफसा आला, की ज्याचे बैल तो प्रथम आपले शेत पेरतो. भाड्याने बैल आणणाऱ्यास थांबावे लागते. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही.

अशीच एक अडचण आपल्या देशापुढे आहे. ती शेतातली नसून दूरच्या समुद्रातली आहे.

पृथ्वीच्या दक्षिण टोकास अंटार्क्टिका हा हिमाच्छादित खंड आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. तिचे 'पोलर सर्कल' हे जहाज नॉर्वेकडून भाड्याने घेतलेले होते. आज तेथे 'मैत्री' व 'भारती' ही आपली संशोधन केंद्रे आहेत. परंतु जड सामग्री नेण्यासाठी बर्फात चालणारे जहाज अजूनही भाड्यानेच आणावे लागते.

तेथील समुद्र वर्षाचा बराच काळ गोठलेला असतो. डिसेंबर ते मार्च या दिवसांत काय ती वाट मिळते. तेवढ्यात वर्षभराचे धान्य, तेल व यंत्रे पोहोचली पाहिजेत. ती न पोहोचली, तर हिवाळाभर तेथे राहणाऱ्यांनी खावे काय आणि ऊब कशाची घ्यावी?

बर्फ फोडणारे जहाज करवतीप्रमाणे बर्फ कापीत नाही. त्याचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, उतरती व अतिशय मजबूत असते. ती बर्फावर चढते, जहाजाच्या भाराने बर्फ तडकतो आणि वाट होते.

असे जहाज बांधण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून त्याची योजना गरजेच्या पुष्कळ आधी करावी लागते. इ. स. २०१४ मध्ये केंद्र सरकारने ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सुमारे १,०५१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण ते जहाज तेव्हा बांधले गेले नाही. पुढे जून २०२५ मध्ये असे जहाज देशातच बांधण्याच्या हेतूने कोलकात्याच्या गार्डन रीच या सरकारी गोदीने नॉर्वेतील एका कंपनीशी सामंजस्य करार केला.

बैल विकत घेतले, म्हणजे खर्च संपला असे नाही. चारा-पेंड रोजच लागते. तसेच जहाजास दरवर्षी इंधन, दुरुस्ती व शिकलेले खलाशी लागतात. एक जहाज दुरुस्तीस गेले, तर दुसरे हवे. हा सर्व पैसा जनतेच्या करातून येतो; म्हणून तो विचाराने योजावा, आणि एकदा योजल्यावर काम अर्धवट सोडू नये.

स्वाध्याय
१. भाड्याची बैलजोडी व भाड्याचे जहाज यांत कोणते साम्य आहे?
२. बर्फ फोडणारे जहाज वाट कशी काढते?
३. जहाज बांधून झाल्यावरही कोणते खर्च करावे लागतात?