उरलेल्या फेऱ्या

चि. सोनूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला. म्हणाली, बुद्धिबळाच्या स्पर्धेत चौथी फेरी हरल्यावर सोनूनं हातही मिळवला नाही, उरलेल्या फेऱ्या टाकून घरी आला आणि आता पुढच्या महिन्याच्या स्पर्धेत नाव घालू नका म्हणतो. हरण्याबद्दल मामाचं काहीच म्हणणं नाही. पण फेऱ्या सोडायच्या?

२००२ साली ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला जागतिक युवा स्पर्धा झाली. बारा वर्षांखालच्या मुलांत रशियाचा इयान नेपोम्नियाची आणि नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन यांचे गुण सारखे झाले. टायब्रेकवर सुवर्ण इयानला, मॅग्नस दुसरा. पुढे २०२१ मध्ये हेच दोघे दुबईत जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले. पहिले पाच डाव बरोबरीत. सहावा १३६ चालींचा, जगज्जेतेपदाच्या लढतींतला सर्वांत लांब, तो कार्लसननं जिंकला आणि नेपोम्नियाची खचला. नवव्या डावात त्यानं एक प्यादं पुढे ढकललं आणि त्याचाच उंट कोंडला गेला. इतकी साधी चूक, साऱ्या जगासमोर! साडेसात-साडेतीन असा तो हरला.

पुढच्याच वर्षी माद्रिदची, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा त्यानं एकही डाव न हरता जिंकली.

तो खेळायला बसला, म्हणून.

आणि स्विस पद्धत तर तुला ठाऊक आहे. हरल्यावर पुढच्या फेरीत गाठ पडते ती साधारण तेवढेच गुण असलेल्याशी. म्हणजे तोही कुठेतरी मार खाऊनच आलेला. त्या पोरासमोर त्या दिवशी रिकामी खुर्ची होती, सोनू. मामाला तेच फार लागलं.

मामानं दहावीच्या वर्षी असाच रागानं पट माळ्यावर टाकला. कुणी वर चढून काढलाही नाही. अजून कुठे डाव चाललेला दिसला की पाय अडखळतात.

फार बोललो का? ताई म्हणाली, रात्री जेवला नाहीस. रडलास तर रडलास, त्यात लाजण्यासारखं काही नाही; मुलं रडतातच, मोठे खेळाडूही रडतात.

त्या चौथ्या फेरीची स्कोअरशीट फाडली नसशील तर जपून ठेव. रविवारी मामा येतोय, दोघं मिळून तो डाव मांडू. आधी पोटभर जेव.

तुझा,
मामा