उसाच्या पाचटाचा कोळसा

ऊस तुटून गेल्यावर हेक्टरीं सुमारें १० टन पाचट शेतांत उरतें. वाळलेलें पाचट गुरें खात नाहींत. चुलींत घातलें तर तें भडकून लागलींच विझतें व घर धुरानें भरतें. म्हणून बहुतेक शेतकरी तें जागींच पेटवितात. ह्याच पाचटाचा कोळसा करण्याची रीत पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानें बसविली. तीबद्दल संस्थेस २००२ सालीं अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळालें.

रीत अशी. पाचट पत्र्याच्या डब्यांत ठासून, झांकण लावून डबे भट्टींत ठेवावे. आंत वारा न शिरल्यामुळें पाचट जळून न जातां करपतें. प्रारंभीं थोडें जळण लागतें. पुढें डब्यांतून सुटणारा वायूच पेटून भट्टी तापती ठेवितो. वजन सुमारें चौथाईवर येतें. कोळशाची भुकटी खळींत किंवा शेणांत मळून, वड्या पाडून उन्हांत वाळवाव्या.

सर्वच पाचट ह्या कामीं लावावें असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. खोडव्यांत पसरलेलें पाचट जमिनीची ओल राखितें.

ह्या वड्यांस धूर नसतो, पण त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाहीं व त्यास वासही नसतो. थंडीच्या दिवसांत दार लावून पेटती शेगडी उशाशीं घेऊन निजणारीं माणसें झोपेंतच दगावतात. शेगडी ओसरीवर पेटवावी, निदान खिडकी उघडी ठेवावी.